सोप्रानो कुटुंबाची थकबाकी : दुसरा सीझन वही घेऊन कसा बघावा

आमच्या भिशीतल्या सहाजणींनी 'द सोप्रानोज' या अमेरिकी टोळीवाल्यांच्या मालिकेचा पहिला सीझन हौसेनं संपवला आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या भागाशी येऊन चौघी थांबल्या. एकीचं म्हणणं, माणसं फार झालीत. दुसरीचं, त्या रिचीनं माणसाच्या अंगावरून गाडी घातली तेव्हाच टीव्ही बंद केला. तिसरीला शिव्यांचा कंटाळा आला, चौथीनं कारण सांगितलं नाही. "तूच लिहून काढ कसं बघायचं ते," असा हुकूम झाला, म्हणून हे लिहितेय.

माझी पात्रता एवढीच, की सांगलीकडच्या एका पतसंस्थेत मी २९ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ वसुली विभागात. आणि हा सीझन मी न्यू जर्सीतच बघितला. लेकीच्या बाळंतपणाला एडिसनला गेले होते. नातू रात्री दोन ते चार फक्त खांद्यावर झोपायचा. खाली ठेवला की भोंगा सुरू. जावयांकडे डीव्हीडींचा जुना खोका होता. आवाज बारीक, खाली अक्षरं चालू आणि खांद्यावर पोर, अशा अवस्थेत १३ भाग झाले. मालिका सिनेमावाल्यांच्या नजरेनं कशी बघतात ते मला माहीत नाही. कर्जखातं कसं बघतात ते माहीत आहे, आणि हा सीझन बघायला तेवढं पुरतं.

शेवट काय होतो तेही मी सांगणार आहे. हे भाग १६ जानेवारी २००० ते ९ एप्रिल २००० या काळात एचबीओवर दाखवले गेले. पाव शतक उलटून गेलेल्या गोष्टीत काय लपवायचं? ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी बघून यावं आणि मग इथे यावं.

पहिल्या सीझनमधलं सगळं आठवायची गरज नाही. चार ओळी पुरतात. टॉनी सोप्रानो हा न्यू जर्सीतल्या टोळीचा कर्ता माणूस. कागदोपत्री कचरा वाहतुकीच्या धंद्यातला. त्याला चक्कर येऊन पडायचा आजार आहे, म्हणून तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फीकडे जातो. त्याची आई लिव्हिया आणि चुलता ज्युनियर या दोघांनी मिळून त्याला मारायचा घाट घातला, तो फसला. ज्युनियर पकडला गेला, आई आजाराचं निमित्त करून दवाखान्यात, डॉक्टरीणबाई जीव वाचवायला गाव सोडून गेल्या, आणि टॉनीचा जिवलग मित्र साल ऊर्फ बिग पुसी बेपत्ता झाला. (नावाचा अर्थ जावयाला विचारायला जाऊ नका. तरुणपणी मांजरपावलांनी घरफोड्या करायचा म्हणून पडलेलं नाव आहे, एवढ्यावर भागवा. मी त्याला पुढे सालच म्हणणार आहे.)

आता वही. दोनशे पानी नको, शंभर पानी पुरते. प्रत्येक माणसाला एक पान द्या, मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला 'घेतलं', उजव्या बाजूला 'दिलं'. पैसेच लिहायचे असं नाही. वस्तू लिहा, उपकार लिहा, केलेला अपमानही लिहा. तिथे तो सगळ्यात जास्त व्याजानं परत येतो. मी हे गंमत म्हणून सुरू केलं होतं. चौथ्या भागानंतर वही नसती तर मीही तुमच्यासारखीच अडकले असते. या सीझनमध्ये कुणी कुणाला काहीही सहज देत नाही. कोट दिला, गाडी दिली, तिकिटं दिली, की समजायचं खातं उघडलं.

पहिल्या भागातलं पहिलंच दृश्य घ्या. परीक्षेची खोली आहे, एक पोरगा पेपर सोडवतोय, आणि नाव लावतोय टॉनीच्या भाच्याचं, क्रिस्टोफरचं. शेअर दलालाच्या परवान्याची परीक्षा आहे आणि हा डमी उमेदवार आहे. सांगली असो वा न्यू जर्सी, रीत तीच! मग क्रिस्टोफर त्या परवान्यावर दलालीची कचेरी चालवतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना वेबिस्टिक्स नावाच्या कंपनीचे कचरा शेअर गळ्यात मारतो. आधी भाव फुगवायचा आणि मग आपला माल विकून मोकळं व्हायचं. हे दृश्य झोपेत बघू नका. पुढच्या १२ भागांत खोट्या नावावर खरा फायदा कसा उचलतात त्याची ही बोहनी आहे.

दुसरा आणि तिसरा भाग जरा नेट लावून काढायचे. नवी माणसं पाय रोवतात ती इथेच. टॉनीची थोरली बहीण जॅनिस पहिल्याच भागात सिएटलहून आलेली असते आणि सांगते, मी आता जॅनिस नाही, पार्वती! आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि लेकीला, इतकं हसू आलं की पोर जागं झालं. ही पार्वती मनगट दुखतं म्हणून सरकारी भत्ता खाते आणि आईच्या घरावर डोळा ठेवून परत आलीय. प्रत्येक कुटुंबात आई आजारी पडली की घराचे कागद शोधणारं एक माणूस असतंच. तिच्या पानावर 'दिलं'ची बाजू मी मोकळी ठेवली होती, ती बाराव्या भागापर्यंत मोकळीच राहिली.

दुसरा येतो रिची एप्रिल. दहा वर्षं तुरुंगात काढून आलेला. बुटका, आणि डोळे असे की पापणी लवत नाही. डेव्हिड प्रोव्हल या नटाचं हे काम बघण्यासारखं आहे. आमच्याकडे वसुलीला गेल्यावर काही काही घरात असा एखादा दीर बसलेला असायचा, एक शब्द बोलायचा नाही आणि आपल्याला घाम फुटायचा. तो आल्या आल्या बीन्सी नावाच्या पिझ्झावाल्याकडे जुनी बाकी मागतो. 'मी आत होतो तेवढ्या वर्षांचं माझं काय?' हा त्याचा हिशेब. बीन्सी टाळतो, तर त्याला आधी मारतो आणि नंतर गाडीखाली घालून जन्माचा पांगळा करतो. हीच ती जागा, जिथे आमच्या एका मैत्रिणीनं टीव्ही बंद केला. तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन या, पण भाग सोडू नका. टॉनी पुढे त्याच रिचीला बीन्सीच्या घरी चाकांच्या खुर्चीसाठी उतरण बांधून द्यायला लावतो. ही नुकसानभरपाई रिचीला अपमान वाटते. वहीत नोंद करा.

चौथा भाग नेपल्सचा. खरोखरीच तिथे जाऊन चित्रित केलेला आहे आणि माझ्या मते सगळ्यात मजेचा. ही मंडळी आयुष्यभर 'आम्ही इटालियन, आम्ही इटालियन' करत छाती बडवतात. आजोबा-पणजोबा बोटीतून आले, त्यांनी गावाकडची बोली बरोबर आणली, आणि ती घरात तशीच गोठून राहिली. कापिकोला या डुकराच्या मांसाच्या कापांना ते 'गबागूल' म्हणतात. शेवटचा स्वर गिळायचा आणि 'क'चा 'ग' करायचा. तंजावरच्या मराठी कुटुंबांची मराठी ऐकली असेल तर हे लगेच कळेल, कारण तिकडे गेलेल्या भाषेला इकडे काय चाललंय याचा पत्ताच नसतो. तर पॉली नावाचा टॉनीचा माणूस, केसांना दोन्ही बाजूंनी पांढरे पंख असलेला, पहिल्यांदा नेपल्सला जातो आणि हॉटेलात माकुळाच्या काळ्या शाईतला पास्ता समोर आल्यावर घाबरतो. त्याला टोमॅटोचा रस्सा हवा असतो, तो मागायचा शब्दही तिथे कुणाला कळत नाही. रस्त्यात दिसेल त्याला तो मोठ्या अदबीनं हाक मारत सुटतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. कॅफेत बसलेला एक माणूस त्याच्याकडे वळून नुसता बघतो, तो म्हणजे मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस स्वतः. परत येताना पॉली सगळ्यांना सांगतो, काय ते नेपल्स! एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाताना जावयांनी मला हा भाग आठवून दिला आणि म्हणाले, "आई, आम्ही सांगलीला येतो तेव्हा असेच दिसत असू." मी काही बोलले नाही.

या भागातून टॉनी काय आणतो ते लिहून ठेवा. चोरीच्या गाड्यांच्या सौद्यात त्यानं पैशांबरोबर एक माणूस मागून घेतलाय, फुरिओ. वसुलीसाठी बाहेरगावचा माणूस ठेवायचा, म्हणजे ओळखीची भीड पडत नाही. आमच्या संस्थेचंही हेच धोरण होतं. मिरजेच्या खात्याला मिरजेचा माणूस कधी पाठवायचे नाहीत.

आता डेव्ही स्कॅटिनो. याला मी वहीची चार पानं दिली होती आणि तुम्हीही द्या, कारण सीझनचा कणा हाच आहे, रिची नव्हे आणि सालही नव्हे. सहाव्या भागात तो येतो. टॉनीचा शाळेपासूनचा मित्र, खेळाच्या आणि सहलीच्या सामानाचं मोठं दुकान, चांगलं घर, बायको, मुलगा टॉनीच्या मुलीच्या, मेडोच्या शाळेत. जुगाराचा नाद. आपल्याकडे पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, तसं तिथे 'झिटीचा पुडा' म्हणजे १,००० डॉलर. झिटी हा नळीसारखा पास्ता, या घरांमधला सणासुदीचा पदार्थ. डेव्ही आधीच रिचीचे ८ पुडे देणं लागतो. आणि तशात त्याला टॉनीच्या मोठ्या डावात बसायचं असतं.

हा डाव नीट बघा. हॉटेलची खोली, बडी माणसं, फ्रँक सिनात्राचा खरा मुलगा स्वतःच्याच नावानं खेळायला बसलेला. टॉनीचा उजवा हात सिल्व्हिओ हरत असतो आणि कुणीतरी त्याच्या पायाखालचे चीजचे तुकडे झाडायला जातं, तर तो जो काही भडकतो! जुगाऱ्याच्या पायाशी केरसुणी न्यायची नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. डेव्ही रात्री आत शिरतो. टॉनी आधी नको नको म्हणतो. मला तेव्हा तो बरा माणूस वाटला. मग ५ पुडे उधार देतो. सकाळपर्यंत डेव्हीच्या नावावर ४५ पुडे लागलेले असतात. ४५,००० डॉलर.

इथून पुढे माझ्या धंद्याची गोष्ट. रिची तिथे येतो, आपला ऋणको मजेत पत्ते खेळतोय हे बघून त्याच्यावर धावून जातो. टॉनी काय निवाडा करतो? माझ्या डावात दंगा केलास, आता माझं पूर्ण फिटेपर्यंत तुला काही मिळणार नाही. कर्जावर पहिला बोजा कुणाचा यावरून आमच्याकडे बँका आणि पतसंस्था वर्षानुवर्षं कोर्टात भांडायच्या; टॉनीनं दोन वाक्यांत निकाल लावला. रिचीच्या पानावर दुसरा अपमान.

डेव्हीकडे रोख नाही. तो स्वतःच्या मुलाची जीपसारखी मोठी गाडी काढून घेतो आणि टॉनीला देतो. टॉनी ती मेडोला बक्षीस म्हणून देतो. मेडो ओळखते, अहो, ही तर एरिकची गाडी! दोघं शाळेच्या कार्यक्रमात जोडीनं गाणार असतात. एरिक ऐनवेळी पाय काढून घेतो, मग मेडोला एकटीला गायला मिळतं. मी वहीत लिहिलं, मेडो : जमा, एक एकल गाणं. गाडी तिनं नाकारली, पण फायदा तिच्याकडेच आला. इथे टॉनी तिला ओरडून सांगतो, की तुझ्या अंगावरचं आणि ताटातलं सगळं असंच आलेलं आहे. या सीझनच्या कामासाठी जेम्स गँडोल्फिनीला २००० सालचं एमी मिळालं. मला द्यायला सांगितलं असतं तर त्या एका ओरडण्यावर दिलं असतं.

मग दहावा भाग. डेव्हीचं दुकान. याला तिकडे 'बस्ट आउट' म्हणतात आणि भागाचं नावही तेच आहे. पद्धत अशी : दुकानाची बाजारात पत असते. त्या पतीवर जेवढा मिळेल तेवढा माल उधार मागवायचा. बूट, थंडपेट्या, जे येईल ते. माल पुढच्या दारानं आत घ्यायचा आणि मागच्या दारानं निम्म्या भावात विकून टाकायचा. आलेला पैसा टॉनीचा, बिलं दुकानाची. सगळी उधारी थकली की दुकानाचं दिवाळं काढायचं. मी खांद्यावरचं पोर विसरून उठून उभी राहिले. आमच्याकडे नजरगहाण कर्जात, म्हणजे माल मालकाच्याच ताब्यात ठेवून त्यावर दिलेल्या कर्जात, हेच व्हायचं. मालकाचा स्टॉक कागदावर भरलेला, मार्चअखेर आपण तपासणीला जावं तर समोरची चार खोकी भरलेली आणि मागची सगळी रिकामी. एका खात्यात मी स्वतः खोका हलवून बघितला नाही, वरच्यांनी 'सही करा, ओळखीचा माणूस आहे' म्हटलं आणि मी केली. मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, जप्ती, लिलाव. त्या माणसाच्या बायकोनं मला चहा करून दिला होता, तो चहा अजून घशात आहे. फरक एवढाच की आमचा मालक स्वतः लबाड होता आणि डेव्हीला दुसरं कुणीतरी खातंय.

डेव्ही विचारतो, तू मला त्या डावात बसूच का दिलंस? टॉनी सांगतो, तुझ्याकडे हे दुकान आहे हे मला माहीत होतं. विंचवाचा स्वभाव, बेडकाची पाठ. त्या आधीचं 'नको नको' आठवा आणि आपण कुणाला बरा माणूस समजत होतो ते बघा. वसुलीत आम्ही म्हणायचो, कर्ज मागणाऱ्याला दोनदा परत पाठवावं, तिसऱ्यांदा येतो तेव्हा तो कशावरही सही करतो. टॉनीला हे कुणी शिकवलं असेल?

त्या दुकानाच्या नावावर विमानाची तिकिटंही उचललेली असतात. हे विसरू नका. वहीत लाल शाईनं लिहा.

डेव्हीची चार पानं भरली की बाकीचं सोपं जातं, म्हणून ते भराभर सांगते.

आठव्या भागातला कोट. रिची टॉनीला एक जुना चामड्याचा कोट देतो, एके काळच्या दांडगटाच्या अंगावरून स्वतः उतरवलेला, त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा पराक्रम. टॉनी तोंडावर हसतो आणि कोट मोलकरणीच्या नवऱ्याला देऊन टाकतो. मग एक दिवस रिची घरी शिजवलेली वजडी घेऊन टॉनीच्या घरी येतो (हो, वजडीच, टोमॅटोत केलेली, आमच्या आईचा हात लागला असता तर त्याला कळलं असतं) आणि स्वयंपाकघरात त्याला तो कोट घातलेला माणूस दिसतो. रिचीच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. मला माझ्या नणंदेला दिलेली इरकल तिच्या कामवालीच्या अंगावर दिसली होती, तेव्हा माझाही चेहरा असाच झाला असेल. मी काही कुणाला मारायला उठले नाही, रिची उठतो. तिसरा अपमान. त्याच्या पानाची बेरीज इथे करा, म्हणजे बाराव्या भागात तो टॉनीला संपवायच्या बाता का मारतो ते विचारावं लागणार नाही.

त्याच आठव्या भागात टॉनीच्या बायकोचा, कार्मेलाचा, पायनॅपल घातलेला रिकोटा चीजचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. शेजारणीची बहीण वकील आहे, जॉर्जटाउन विद्यापीठात तिचं वजन आहे. कार्मेलाला मेडोसाठी तिचं शिफारसपत्र हवं. ती तो गोड पदार्थ घेऊन जाते, गोड बोलते, आणि सांगते की पत्र मला हवंच आहे. आवाज चढत नाही, हात उगारत नाही. बाई काय समजायचं ते समजते. नवऱ्याच्या धंद्याबद्दल मला काही माहीत नाही म्हणणारी ही बाई वसुलीत नवऱ्यापेक्षा सरस आहे, असं मी लेकीला म्हणाले. लेक म्हणाली, "आई, तू पण रव्याचे लाडू घेऊनच जायचीस ना थकबाकीदारांकडे?" एकदाच गेले होते. कारण निराळं होतं.

नववा भाग भक्तिभावानं बघावा. क्रिस्टोफर गोळ्या लागून क्षणभर मरतो आणि परत येतो. सांगतो की नरक बघून आलो, तो म्हणजे एक आयरिश दारूचा गुत्ता आहे, तिथे रोज आयरिश लोकांचाच सण. आणि टॉनी व पॉलीसाठी निरोप आणलाय, 'तीन वाजता'. पॉलीची झोप उडते. मग तो स्वर्गाआधी भोगायच्या शुद्धीकरणाच्या शिक्षेचा हिशेब मांडतो : मोठी पापं गुणिले ५०, छोटी पापं गुणिले २५, बेरीज करा, तेवढी वर्षं. स्वतःचा आकडा ६,००० वर्षं काढतो आणि म्हणतो, अनंतकाळापुढे हे काहीच नाही, सहज काढीन. पुढे चर्चच्या पाद्र्याकडे जाऊन भांडतो, की इतकी वर्षं देणगी भरली, त्यात मला संरक्षण मिळायला हवं होतं! हप्ते वेळेवर भरले आणि दावा मात्र नामंजूर. हा भाग मायकेल इम्पेरिओलीनं लिहिलाय, म्हणजे जो क्रिस्टोफर होऊन पलंगावर पडलाय त्यानंच. मला हे फार आवडलं.

साल. याचं पान पहिल्यापासून दोन वह्यांत ठेवावं लागतं, कारण तो स्वतःच दोन वह्या ठेवतो. पहिल्या भागात परत येतो, पाठीच्या दुखण्याचं कारण सांगतो, आणि लगेच कळतं की तो एफबीआयचा खबऱ्या आहे. पोरांच्या कॉलेजच्या फीसाठी हेरॉइन विकलं, पकडला गेला, सुटायचं तर मित्रांचं बोलणं टिपून द्यायचं. सातव्या भागात टॉनीच्या मुलाचा धार्मिक संस्कार आहे. त्या मुलाचा मानलेला पालक म्हणून साल उभा राहतो आणि छातीवर बोलणं टिपणारी तार चिकटवलेली असते. मुलाला तो चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, मनापासून सांगतो, आणि मग मोरीत जाऊन रडतो. विन्सेंट पास्टोरेचं ते रडणं बघताना मी आवाज पूर्ण बंद केला. बुडीत खात्याला आम्ही नवं-जुनं करून चालू दाखवायचो, एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज द्यायचो, सगळ्यांना माहीत असायचं की हे बुडालंय. टॉनी सालच्या बाबतीत तेच करत राहतो. १२ भाग.

अकरावा भाग काही लोक सोडून देतात, फार काही घडत नाही म्हणून. मी सोडू नका म्हणेन. वकिलाच्या सल्ल्यानं टॉनी जेव्हा खरोखर कचेरीत जाऊन प्रामाणिकपणे बसतो, तेव्हा त्याला अंगभर खाज सुटते. घरात नजरकैदेत असलेल्या ज्युनियरचा हात मोरीच्या नळकांड्यात अडकतो आणि तो तसाच तासन्‌तास उभा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षाचं इतकं खरं चित्र मी बघितलेलं नाही.

बाराव्यात एवढंच सांगते : वहीप्रमाणे रिचीची वसुली टॉनीनं करायला हवी होती, ज्युनियरनंही पुरतं गणित करून रिचीला सोडून टॉनीची बाजू धरलेली असते. आणि रिचीला संपवते कोण, तर पार्वती. जेवणाच्या टेबलावर तो तिच्या तोंडावर बुक्की मारतो, ती आत जाते, पिस्तूल घेऊन येते. नंतरची साफसफाई भावाच्या गळ्यात आणि ही बसमध्ये बसून सिएटलला. मोकळ्या राहिलेल्या 'दिलं'च्या बाजूला मी काय लिहू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटचा भाग दुपारी बघा, जेवून बघू नका. टॉनीला अन्नातून विषबाधा होते. आदल्या संध्याकाळी तो दोन ठिकाणी जेवलाय, एक मित्राचं इटालियन हॉटेल आणि दुसरं आपलं हिंदुस्थानी. दोष कुणाचा यावर त्या तापातही वाद होतो, आणि अर्थातच बोट आपल्याकडे. तापात त्याला समुद्रकाठची स्वप्नं पडतात, बर्फावर मांडलेला मासा सालच्या आवाजात बोलतो आणि त्याला जे महिनाभर माहीत होतं ते त्याच्या तोंडून वदवून घेतो. डॉक्टर मेल्फीच्या खुर्चीत १३ भागांत निघालं नाही ते हगवणीत निघतं. उठून तो सालच्या घरी जातो, तार सापडते. बोट, समुद्र, चार मित्र. साल शेवटी काय मागतो ते ऐका. मी लिहीत नाही.

आणि ती लाल शाईतली तिकिटं? टॉनी आईला गप्प बसवायला त्यातलीच देऊन टाकतो. लिव्हिया बहिणीसोबत नेवार्कच्या विमानतळावर जाते आणि तिकिटं चोरीची म्हणून पकडली जाते. पोलीस टॉनीच्या घरी, हातात बेड्या, मेडोच्या शाळेच्या निरोपाचे दिवस. डेव्हीचा डाव, डेव्हीचं दुकान, डेव्हीची तिकिटं, आणि शेवटी बेडी. बघता बघता माझी चार पानं आपोआप जुळली, पैशाची चूक नाही. डेव्ही स्वतः पश्चिमेकडे कुठल्याशा कुरणावर राबायला निघून जातो. लिव्हियाचं काम करणाऱ्या नॅन्सी मर्चंड या १८ जून २००० ला वारल्या, म्हणजे हा भाग दाखवल्यावर दोन महिने झाले असतील नसतील. खुर्चीत बसून 'बिच्चारा गं' असं म्हणत समोरच्याला सोलून काढणारी ती बाई आजारी होती हे कळल्यावर मी पहिला भाग पुन्हा लावला.

आता बारीकसारीक. रोज एक भाग. सहावा-सातवा मात्र एका बैठकीत, आणि दहाव्यापासून वेग आपोआप वाढतो. नामावली पळवू नका. टॉनी बोगद्यातून निघून घरी येतो ती वाट आहे, गाडीच्या आरशात जुळे मनोरे दिसतात. चौथ्या सीझनपासून ते काढून टाकले. सासू-सासरे घरात असतील तर बडा बिंग या टोळीच्या नाचाच्या क्लबातली दृश्यं येण्याआधी रिमोट हाताशी ठेवा, तिथे बायका फार कमी कपड्यांत नाचतात आणि पुरुष मागे पाठ करून धंद्याचं बोलतात. अक्षरं इंग्रजीच ठेवा. शिव्यांचा कंटाळा आलेल्या मैत्रिणीला सांगते, पाचव्या भागापर्यंत त्या स्वल्पविरामासारख्या होतात. वही मुलांच्या हाती देऊ नका; माझ्या वहीच्या रिचीच्या पानाचा कोपरा नातवानं चोखून काढलाय.

परत येताना जावयांनी मला नेवार्कलाच सोडलं. तिकीट त्यांनीच काढलेलं, कार्डानं, रीतसर. तरी काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट हातात घेऊन पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तेव्हा मी मागे वळून विचारलं, "अहो, हे तुमच्याच नावावर उचललंय ना?"